न ऐकता म्हटलेलं 'होय म्हाराजा'

रविवार, २९ डिसेंबर २०२४

मंडळाच्या पूजेची गेल्या वर्षीची यादी शोधत होतो. कपाटात अनुपमाच्या साड्यांखाली हात घातला तर पुस्तक हाताला लागलं. निळं कव्हर, खिशात मावेल एवढं. उघडलं तर येशू. मराठीतलं बायबल, म्हणजे त्यातला शेवटचा भाग. आमच्या घरात, देव्हाऱ्यापासून चार फुटांवर.

ती बांगडे तळत होती. पुस्तक तिच्यासमोर धरलं.

"हे काय आहे?"

"पुस्तक."

"ते दिसतंय मला. कोणी दिलं?"

"कोणी का देईना. वाचतेय मी."

"धर्म बदलायचाय?"

"नाही हो. त्यातली एकच गोष्ट वाचते, परत परत. तुम्ही पण वाचा एकदा. मग ओरडा."

अडतीस वर्षांच्या संसारात मी कधी ओरडायचं हे या बाईने मला कधी सांगितलं नव्हतं. गावच्या देवळात आमच्या घराचा मान आहे. मुंबई मंडळाच्या पूजेला देवापुढे गाऱ्हाणं घालतो तो मी, गुणाजी परब. आणि माझी बायको साड्यांखाली येशू लपवते. जेवलो नाही. बांगडे तिने एकटीने खाल्ले, चवीने खाल्ले, हे विशेष.

आणि पुस्तक तरी धड द्यावं की नाही. एका पानावर नारंगी खडूने गिरगोट्या मारल्यात, ससा आहे की घर ते कळत नाही. फुकट वाटायचं तेही कोणाच्या तरी पोराने खराब केलेलं.

सोमवार, ३० डिसेंबर

हिला नादी कोणी लावलं ते शोधायला घेतलं. गेलं वर्षभर दर बुधवारी ही कांदिवलीला मावसबहिणीकडे जाते, श्वेताकडे, तिच्या गुडघ्यांना तेल लावायला. श्वेताला फोन लावला आणि सरळ झापलं, की माझ्या घरात हे धंदे चालणार नाहीत.

"भावोजी, कसले धंदे? आणि माझे गुडघे ठणठणीत आहेत. ताई तर दिवाळीनंतर माझ्याकडे आलीच नाही."

म्हणजे कांदिवलीला ही दुसरीकडेच जाते. प्रार्थनेच्या मंडळींत बसत असणार, आणखी काय? अनुपमाला काही बोललो नाही. रंगेहाथ पकडायचं आहे.

बुधवार, १ जानेवारी २०२५

गेली. बेसनाचे लाडू घेऊन गेली, नेहमीपेक्षा लहान वळलेले, सुपारीएवढे. प्रार्थनेला लाडू लागतात हे मला माहीत नव्हतं. मागे जाणार होतो, पण गुडघा दुखत होता. माझ्या गुडघ्याला तेल लावायला कोणी नाही.

शुक्रवार, ३ जानेवारी

वाचली ती गोष्ट. शत्रूचं हत्यार बघून घ्यावं म्हणून वाचली. शोधावी लागली नाही, पुस्तक त्याच पानावर आपोआप उघडतं. शेजारी पेन्सिलीच्या रेघा आहेत.

एका माणसाला दोन मुलगे. धाकटा म्हणतो, माझा वाटा आत्ताच द्या. बाप जिवंत असताना! बाप गुपचूप देतो. पोरगा परदेशी जाऊन सगळं उधळतो, उपाशी मरायला लागतो, डुकरं राखतो, मग घर आठवतं. परत निघतो, वाटेत माफीचं भाषण पाठ करतो. तो लांब असतानाच बापाला दिसतो, आणि बाप धावत सुटतो. गळ्यात पडतो. भाषण पुरं पण करू देत नाही. नवे कपडे, अंगठी, वासरू कापून मेजवानी. थोरला शेतातून येतो, त्याला राग येतो, तो आत जात नाही. त्याचं बरोबरच आहे.

हा बाप? कंपनीत बत्तीस वर्षं लेथवर काढली मी. पाच मिनिटं उशिरा आलास तर अर्धा दिवस जायचा, तिथे कोणी गळ्यात पडत नव्हतं. आणि घरंदाज, वयस्क माणूस रस्त्यावरून धावतो? धोतर सावरत? लोक काय म्हणतील याचा विचार नाही. शिवाय मुलगा लांबून दिसला याचा अर्थ हा रोज रस्त्यावर डोळे लावून बसत होता. कामधंदा नव्हता वाटतं.

संध्याकाळी अनुपमाला हे सगळं सुनावलं. ती खिडकीत उभी होती. सहा वाजले की ती खिडकीत उभी राहते, कॉलनीच्या गेटकडे बघत, आणि आत भाजी करपते. वर्षानुवर्षांची खोड आहे, बोलून काही उपयोग नाही.

"एवढा राग कशाला येतो तुम्हाला?" ती म्हणाली. "गोष्टच तर आहे."

"तुझ्यासाठी नाही ना ती नुसती गोष्ट. तुला तो देवाचा शब्द वाटतो."

"ते मला नाही ठाऊक. पण आपण आयुष्यभर देवाला सांगतच आलो. हे दे, ते दे, याचं भलं कर, त्याला बघून घे. त्याला काय सांगायचंय ते ऐकलं कधी?"

देव्हाऱ्यासमोर उभी राहून बोलली हे. मी गॅस बंद करायला गेलो, भाजी जळत होती.

गुरुवार, ९ जानेवारी

त्याचं नाव या वहीत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्या गोष्टीतला धाकटा आठ दिवस डोक्यातून जात नाही, तेव्हा एकदाच लिहून टाकतो. सुशांत. आमचा एकुलता एक.

सहा वर्षांपूर्वी, सव्वीस जानेवारीची मंडळाची पूजा. हॉलमध्ये ऐंशी-नव्वद माणसं, सगळी आमच्या वाडीची. सुशांत आला तो मुलगी घेऊनच. रुचिरा नाव, कुठल्याशा दवाखान्यात एक्स-रे काढते, ख्रिस्ती. रजिस्टर लग्न करून मोकळे झाले होते. "बाबा, पाया पडायला आलोय," म्हणाला, सगळ्या वाडीसमोर. मला आधी सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून सांगितलं नव्हतं.

गाऱ्हाण्याची वेळ झाली होती. सगळे हात जोडून उभे राहिले, तेही दोघं मागे उभे राहिले. गाऱ्हाण्याची रीत अशी, की मी देवाला एकेक सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. मी नेहमीचं सगळं घातलं, रोगराई, धंदापाणी, शाळेतली पोरं. आणि शेवटी घातलं:

"जो पोर आईबापाच्या शब्दाभायर गेलो, तो आमचो नाय म्हाराजा. त्याची सावली आमच्या उंबऱ्यार पडूक नये म्हाराजा."

"होय म्हाराजा," हॉल म्हणाला. अनुपमाही म्हणाली. मी तिचा आवाज ओळखतो.

त्यानंतर तो आला नाही. कुठे राहतो मला माहीत नाही. देवासमोर गेलेला शब्द आहे तो, मागे घेता येत नाही, आणि मला घ्यायचाही नाही. लिहून झालं. आता पुन्हा नाही लिहिणार.

रविवार, १२ जानेवारी

भाऊराव आला, मंडळाचा अध्यक्ष. मोठ्याने बोलतो, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं.

"गुणाजी, गाऱ्हाणा तूच घालूचा. दुसऱ्या कोणाक जमणा नाय."

"घालतलंय. आणि यंदा एक नवीन घालूचा आसा."

तो गेल्यावर अनुपमाला सांगून टाकलं. येत्या पूजेला देवासमोर घालणार आहे, की माझ्या घरात परका देव येऊ नये आणि जिने आणला तिने तो टाकावा. सगळी वाडी होय म्हणेल, मग बघू कशी वाचतेस.

ती कणीक मळत होती. हात थांबले.

"मागच्या वेळी तुम्ही काय बोललात ते मी ऐकलंच नव्हतं," ती म्हणाली. "सवयीने होय म्हटलं. कळलं तेव्हा तोंडातून निघून गेलेलं. सहा वर्षं माझं जेवण गोड लागलेलं नाही."

"बांगडे बरे खाल्लेस."

"घाला तुम्ही गाऱ्हाणं. पण यंदा मी तिथे नसेन. आणि घातलंत तर मग या घरात पण नसेन."

धमकी देते मला. मी म्हटलं, जा कुठे जायचं तिथे.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ पुढे केला तिने, मी घेतला नाही. वाटी टेबलावर ठेवून गेली.

पुस्तक पिशवीत घालून खाडीकडे निघालो, खारफुटीत फेकून द्यायचं म्हणून. कॉलनीच्या मागच्या भिंतीशी पिशवीचा बंद तुटला. पुस्तक खाली पडलं आणि माझा पाय लागला. आणि माझा हात, मला न विचारता, खाली गेला, पुस्तकाला लागला आणि कपाळाला लागला. पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करायचा, आईने लहानपणी फटके देऊन शिकवलेलं. पण या पुस्तकाला? मी तिथेच भिंतीशी उभा राहून स्वतःला शिव्या दिल्या. एक बाई कुत्रा घेऊन चालली होती, तिने रस्ता बदलला.

नमस्कार केलेली वस्तू फेकता येत नाही. परत आणलं. साड्यांखाली ठेवलं, होतं तसंच. तिळगूळ खाल्ला, कोणी नसताना.

रविवार, १९ जानेवारी

पुन्हा वाचलं, चुका काढायला. गोष्टीत आई नाहीच. दोन मुलगे आहेत, नोकर आहेत, वासरू आहे, आई कुठे आहे? लिहिणाऱ्याला घरातलं काही कळत नव्हतं. आई असती तर एवढं सोपं झालं नसतं. तिने आधी बापाला उभा-आडवा घेतला असता.

बुधवार, २२ जानेवारी

आज पकडलं. चप्पल घालत होती, दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, श्वेताचे गुडघे ठणठणीत आहेत. तू कांदिवलीला कोणाच्या प्रार्थनेला जातेस ते आज कळलंच पाहिजे.

तिने चप्पल काढली, स्टुलावर बसली आणि शांतपणे सांगितलं, भाजीचे भाव सांगावेत तसं.

"सुशांतकडे जाते. वर्ष झालं. पुस्तक रुचिराचं आहे, मीच मागून आणलं. नारंगी ससा गार्गीने काढलाय."

"कोण गार्गी?"

"तुमची नात. मे महिन्यात पाच वर्षांची होईल."

मी काय काय बोललो ते लिहीत नाही, शेजारच्यांनी दार लोटून घेतलं एवढं लिहितो. एक वर्ष फसवलं मला. पाच वर्षांची पोर आहे आणि आजोबाला पत्ता नाही. सगळ्यांनी मिळून मला मूर्ख बनवलं. ती म्हणाली, "तुम्हीच घातलंत ना, सावली पडू नये म्हणून? मग उंबऱ्याच्या आत कशी आणू तिची बातमी?"

ससा आहे तो. मला घर वाटलं होतं.

शनिवार, २५ जानेवारी

सकाळी एक बॅग भरली आणि गेली. "घालणार आहात ना उद्या?" विचारलं. मी म्हटलं, हो. "बरं," म्हणाली. कुकर कसा लावायचा ते कागदावर लिहून ठेवलंय. पुस्तक घेऊन गेली. नाहीतर आणखी दोन चुका दाखवल्या असत्या.

रविवार, २६ जानेवारी

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण उद्या मलाच खरं वाटणार नाही.

पूजा झाली, आरती झाली, प्रसादाचा शिरा दरवळत होता. मी गाऱ्हाण्याला उभा राहिलो. परक्या देवाचं घालायचं होतं, शब्द पाठ केले होते. सुरुवात नेहमीची केली.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां वरसाप्रमाणां हय जमली असत, त्यांची सेवा मानून घे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

समोर बघितलं. एक जण मोबाइल बघत होता. दोन बाया गजऱ्याविषयी बोलत होत्या. भाऊराव शिऱ्याच्या पातेल्याकडे बघत होता. आणि सगळे होय म्हणत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अनुपमाचं वाक्य आठवलं, ऐकलंच नव्हतं म्हणालेली. म्हटलं, बघूया.

"हय उभ्या असलेल्या एकाचाय लक्ष नाय म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"मी काय सांगतंय तां कोण आयकणा नाय म्हाराजा."

"होय म्हाराजा."

तिथे थांबायला हवं होतं. पण राग एकदा सुटला की मला आवरत नाही, हे सगळी वाडी जाणते.

"सहा वर्सांमागे ह्याच जाग्यार ह्या गुणाजीन आपल्या पोराक भायर काढलो, तेवाय कोण आयकी नाय होतो म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"त्या पोराचो काय एक गुन्हो नाय होतो म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"काढणारो गाढव होतो म्हाराजा."

"होय म्हाराजा."

ऐंशी माणसांनी देवासमोर मला गाढव म्हटलं. आणि कोणाला कळलंही नाही. फक्त भाऊरावने पातेल्यावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. मी हात जोडून तसाच बाहेर आलो. परक्या देवाचं राहूनच गेलं.

तो मागोमाग आला.

"गुणाजी, काय बोललंस तां? गाऱ्हाण्यात गेलेला फिरणा नाय, ठावक आसा मा तुका?"

"ठावक आसा."

"मग आदलेला खरा काय आजचा खरा?"

मी त्याला म्हटलं, जा शिरा वाट. मला माझाच एवढा राग आला होता की प्रसाद न घेता घरी आलो. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नाही.

शुक्रवार, ३१ जानेवारी

कुकर तीनदा करपला. कागदावर लिहिलंय तसंच करतो. अनुपमाचा फोन नाही. मीही केला नाही. मी कशाला करू, मी कुठे गेलो होतो?

श्वेताला फोन करून त्यांचा पत्ता घेतला. फक्त पत्ता असावा म्हणून. "भावोजी, जाताय का?" तिने विचारलं. मी म्हटलं, तुझे गुडघे सांभाळ.

रविवार, २ फेब्रुवारी

गेलो. अनुपमाला आणायला गेलो, दुसरं काही नाही. तूरडाळ कुठल्या डब्यात आहे ते सापडत नाही.

कांदिवलीला त्यांच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद. चार मजले चढलो. प्रत्येक मजल्यावर थांबून मनातल्या मनात सुनावत होतो, सुशांतला, त्याच्या बायकोला, अनुपमाला, त्या गोष्टीतल्या बापाला. धावला म्हणे. त्याच्या वेळी चार मजले नव्हते.

बेल वाजवली. दार सुशांतने उघडलं. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे. पस्तीस वर्षांचा तर आहे. मला दम लागला होता. तो दारातून बाजूला झाला नाही.

मग मी सांगितलं, सव्वीस तारखेला काय घातलं ते. सगळं, गाढवापर्यंत. म्हटलं, देवासमोर घातलंय, आता आदलं रद्द.

"तुमचं रद्द झालं, बाबा," तो म्हणाला. "माझं काय करू?"

"तुझं काय?"

"त्या दिवशी मी पण हात जोडून उभा होतो. लहानपणापासूनची सवय. तुम्ही म्हणालात तो आमचो नाय, आणि मी पण म्हटलं, होय म्हाराजा. रुचिराने माझ्याकडे बघितलं तेव्हा कळलं मी काय म्हटलं. माझ्या तोंडाने मी म्हटलंय ते. सहा वर्षं ऐकू येतंय मला."

हे मला माहीत नव्हतं. अनुपमाचा आवाज मी ओळखला होता. त्याचा ओळखला नव्हता.

भाषण मला पाठ नव्हतं आणि त्यालाही नव्हतं. गुडघ्यातून कळ आली म्हणून तिथेच जिन्यावर बसलो. त्याला वाटलं मी पडलो, तो बाहेर आला. मग तोही बसला, दोन पायऱ्या वर. दार उघडंच होतं. अनुपमा आली, आम्हाला बघितलं आणि आत गेली. रुचिराने चहाचे दोन कप बाहेर आणून दिले. आत या म्हणाली नाही. ते त्याने म्हणायचं होतं, तिला कळत होतं. हुशार आहे.

आतून लहान मुलीचा आवाज येत होता, कुठल्यातरी बाहुलीला दटावत होती. चांगलीच दटावत होती. आवाज आमच्याकडचा आहे.

तासभर बसलो. मला राग होता, त्यालाही होता, दोघांचा सारखाच आहे. शेवटी तो म्हणाला, "मला अजून जमत नाहीये, बाबा." मी म्हटलं, ठीक आहे. अनुपमा माझ्याबरोबर आली नाही. डाळ निळ्या झाकणाच्या डब्यात आहे म्हणाली.

त्या पुस्तकातला देव मी घेतलेला नाही, घेणारही नाही. ती गोष्ट लिहिणाऱ्याला एवढंच सांगायचंय की तुझी सगळ्यात मोठी चूक आज सापडली. तू लिहिलंस, मुलगा परत येतो. पोरं परत येत नाहीत. आपल्याला जावं लागतं, चार मजले चढून, आणि गेलं तरी दारातच बसावं लागतं. रविवारी परत जाणार आहे. तो आत बोलवेपर्यंत मी जिन्यावर बसेन, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.